यादीत उरलेले मूल

25 डिसेंबर 1927 रोजी महाडमध्ये चवदार तळ्याच्या लढ्यासाठी जमलेल्या परिषदेने मनुस्मृती जाळली. ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता आणि कारण उघड होते: माणसामाणसांत जन्माने उच्चनीच ठरवणारा ग्रंथ प्रमाण मानायचा नाही. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एक लहानशी तरतूद आहे. तिच्याकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा सख्खा भाऊ यांच्याकडून अपराध घडला तर त्यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावे, असे ती सांगते. मारायचे ते पाठीच्या बाजूला, डोक्यावर कधीही नाही. हा नियम मोडणारा चोराइतका दोषी. काही पाठांत शिष्याच्या जागी नोकर आहे. पण चौथ्या अध्यायात ‘इतर कोणावर दंडा उगारू नये, पुत्र आणि शिष्य यांचा अपवाद’ असे स्पष्टच म्हटले असल्यामुळे विद्यार्थ्याची सुटका त्या पाठभेदाने होत नाही.

या यादीतली नावे नंतरच्या काळात एकेक करून कशी खोडली गेली, ते पाहण्यासारखे आहे. दास 1843 मध्ये सुटला. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामगिरी मानणे बंद केले. यादीत नसलेला पण फटके खाणारा आणखी एक जण म्हणजे गुन्हेगार. त्याला न्यायालयाने फटक्यांची शिक्षा देण्याची तरतूद 1955 मध्ये रद्द झाली. बायकोसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला. विद्यार्थ्याची पाळी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आली आणि 1 एप्रिल 2010 पासून ती तरतूद अमलात आली. म्हणजे सिद्ध झालेल्या चोराला फटके मारणे बंद झाल्यानंतर तब्बल पंचावन्न वर्षे, पाढा चुकलेल्या पोराच्या तळहातावर छडी उठवायला कायद्याची पुरती मनाई नव्हती. घरातला मुलगा, मुलगी, धाकटा भाऊ यांची नावे अजून पूर्णपणे खोडलेली नाहीत.

मुलांच्या शिक्षणात माराला काही जागा आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण हे उत्तर पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रात देणे सोपे आणि महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत देणे अवघड. म्हणून प्रश्न तिथूनच पाहू.

आधी परंपरेचा मुद्दा, कारण छडीची बाजू घेणारे पहिल्यांदा तिच्याकडेच बोट दाखवतात. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, हे सुभाषित शाळांच्या भिंतींवर आजही दिसते. त्याहून जुने गौतम धर्मसूत्र मात्र कोणी भिंतीवर लिहीत नाही. त्यात शिष्याला न मारता शिकवावे, ते जमतच नसेल तर बारीक दोरी किंवा कांब वापरावी आणि याहून दुसऱ्या कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने शिक्षा करावी, असे सांगितले आहे. म्हणजे मारणाऱ्या शिक्षकावर सरकारने कारवाई करावी ही कल्पना काही दिल्लीतल्या बाबूंना परवा सुचलेली नाही.

महाड तालुक्याला तर या बाबतीत स्वतःचा साक्षीदार आहे. वरंध घाटाच्या कुशीतली शिवथरघळ ही दासबोधाच्या लेखनाची जागा असल्याचे 1930 मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दाखवून दिले, आणि तेव्हापासून तिथे भक्तांची रीघ आहे. समर्थ रामदास म्हणजे दंडबैठका, बलोपासना आणि कडक शिस्त असे एक चित्र आपल्या मनात असते. त्याच रामदासांनी दासबोधात लोकांना कसे शिकवावे ते सांगताना मुलाचे उदाहरण घेतले आहे: मुलाच्या चालीने चालावे, त्याच्या मनाजोगे बोलावे, हळूहळू शिकवावे. तुकोबांच्या अभंगातला पंतोजीही असाच. पोरासाठी तो स्वतः हातात पाटी धरतो. सतराव्या शतकातल्या मराठी मुलुखातले सगळे पंतोजी असे होते असा दावा मी करणार नाही. बहुतेक नसावेतच. पण चांगला शिक्षक कसा असावा याचे चित्र रेखाटायची वेळ आली तेव्हा या दोघांच्याही हाती छडी आली नाही, हे विसरता येत नाही.

प्रत्यक्षात काय चाले, याची एक चांगली नोंद शेजारच्या मुलखातली आहे. बेल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने ऑगस्ट 1823 मध्ये देशी शाळांचा अहवाल लिहिला. सकाळी जो मुलगा सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य, तिसऱ्याला एक फटका, चौथ्याला दोन आणि पुढे असेच चढत जाई. आळशी मुलाला चाबकाने मारत, हात बांधून छताला टांगत किंवा सारखे खाली बसायला नि उभे राहायला लावत. ही शेवटची शिक्षा त्रासदायक असली तरी कदाचित प्रकृतीला चांगली असावी, अशी मल्लिनाथीही कलेक्टरसाहेबांनी केली आहे. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी हा अहवाल आपल्या ग्रंथात पुन्हा छापला. देशी शाळांच्या वैभवाचा पुरावा म्हणून त्या ग्रंथाचे दाखले देणारे बहुतेक जण हे पान वगळून पुढे जातात. इंग्रजांनी आल्यावर काही सुधारणा केली असेही नाही. त्यांच्या देशातच छडी शाळेच्या सामानाचा भाग होती. तिथल्या सरकारी शाळांतून ती गेली ती 1980 च्या दशकात, आणि इंग्लंडमधल्या खासगी शाळांतून नव्वदीच्या अखेरीस.

उठाबशांच्या त्या ‘प्रकृतीला चांगल्या’ शिक्षेचे पुढे काय झाले ते पाहा. नोव्हेंबर 2017 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात आठवीतल्या एका मुलीला गृहपाठ केला नाही म्हणून पाचशे उठाबशांची शिक्षा झाली. तीनशेच्या आसपास पोचल्यावर ती कोसळली आणि रुग्णालयात गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत सहावीतल्या मुलीला शाळेत उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्या. आठवडाभरात तिचा मृत्यू झाला आणि शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. त्या मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा निवाडा न्यायालय करील. पण सवय नसताना एका दमात शेकडो उठाबशा काढल्या तर मांडीचे स्नायू अक्षरशः फाटतात आणि त्यांतून रक्तात उतरलेले द्रव्य मूत्रपिंड बंद पाडू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असलेले सत्य आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना आणि किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. वर्गात समोर उभ्या असलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन किती आहे, हे शिक्षा देणाऱ्याला कळायला काहीही मार्ग नसतो. ‘मी हात लावलेला नाही’ या बचावाचे समाधान कशात आहे ते मला कधी कळले नाही.

‘उशीर’ या अपराधाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण महाड-पोलादपूरच्या शाळांत मार खाण्याचे ते हुकमी कारण आहे. पोलादपूर तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पोलादपूरपासून कापड्याकडे, पितळवाडीकडे किंवा उमरठकडे जाताना रस्त्याच्या वर, डोंगराच्या पोटात वाड्या दिसतात. धनगरवाड्या तर त्याहून वर. चौथी-पाचवीनंतर तिथल्या मुलाला शाळेसाठी खाली उतरावे लागते. वाटेत पऱ्या असतो, पऱ्यावर साकव असला तर असतो, आणि एसटी आली तर येते. दहा वर्षांच्या पोराने वेळेवर यावे ही अपेक्षा चुकीची नाही. पण उशिराचे कारण बहुतेकदा त्याच्या मुठीत नसते आणि छडी मात्र त्याच्याच हातावर बसते. सावित्री नदीला पूर आला म्हणून आई-बापांना शिक्षा होत नाही, आगारप्रमुखाला तर नाहीच नाही.

या भागात आणखी एक गोष्ट आहे. पोलादपूरच्या घराघरांतून कर्ती माणसे मुंबईत, सुरतेत, बडोद्यात असतात. शिमग्याला आणि गणपतीला येणारा बाप, आणि बाकीचे दहा-अकरा महिने आजीजवळ वाढणारी पोरे. आजीला पोर आवरत नाही, म्हणून ती शाळेत येऊन सांगते, ‘गुरुजी, मारा हो त्याला, आमची काय तक्रार नाही.’ मारण्याची परवानगी इथे वरून येत नाही. ती पालकांकडून, हात जोडून दिली जाते. मार देणाऱ्या शिक्षकाला ‘कडक पण चांगला’ म्हणतात, न देणाऱ्या बाईंना ‘मऊ’ म्हणतात. कायदा या आजीच्या एका वाक्यापुढे हतबल ठरतो.

ती परवानगी पूर्वी न्यायालयानेही मान्य केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1949 च्या निवाडेसंग्रहात घाटगे नावाच्या मुख्याध्यापकांचा खटला आहे. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला गैरवर्तनाबद्दल छडीने मारल्याचा आरोप होता. पालक मुलाला शाळेत घालतो तेव्हाच त्याला शिस्त लावण्याची संमती शिक्षकाला देतो, असे गृहीत धरून त्यांना दोषमुक्त करण्यात आले. पुढे अर्धशतकभर देशातली न्यायालये साधारण याच वाटेने गेली. वळण आले 1 डिसेंबर 2000 रोजी. दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शाळा नियमांतली छडीची मुभा रद्द केली आणि मुलाच्या प्रतिष्ठेचा हक्क शिक्षकाच्या अधिकाराच्या वर ठेवला. त्याआधी, 1992 मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारलेला होताच.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 छोटे आहे. कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ होता कामा नये, आणि हे मोडणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई व्हावी, एवढेच ते म्हणते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात, खासगी संस्थेतल्या शिक्षकाला 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि 1981 ची नियमावली. या दोन ओळींत भोके मात्र बरीच राहिली. कायदा सहा ते चौदा वयापुरता. त्यामुळे अंगणवाडीतले बाळ बाहेर आणि नववी-दहावीचा मुलगाही बाहेर. छडी जास्तीत जास्त चालते ती नेमकी दहावीच्या वर्गात, निकालाच्या नावाखाली. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळाही वगळल्या होत्या. 2015 चा बालन्याय कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण देतो, आणि बालगृहांसारख्या संस्थांतल्या शारीरिक शिक्षेला पहिल्या खेपेस दहा हजार रुपये दंड व पुढच्या खेपेस कैदेची तरतूद करतो. पण वर्गातली रोजची चापट पोलीस ठाण्यात क्रूरता म्हणून नोंदवून घेण्याइतका खमका पालक इथे सापडणे कठीण. घराचे तर बोलायलाच नको. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्हेतूने केलेले कृत्य गुन्हा नाही, हे भारतीय दंड संहितेचे जुने कलम 89 आता भारतीय न्याय संहितेत 27 व्या क्रमांकाने तसेच बसले आहे. मनूच्या यादीतले पहिले नाव खोडताना आपण जे धैर्य दाखवले, ते दुसऱ्या नावाशी येऊन थबकले.

कायदा येण्याआधी परिस्थिती किती वाईट होती याचे दोन मोठे आकडे आहेत. महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह तेरा राज्यांत बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने 2009-10 मध्ये सात राज्यांतल्या 6,632 मुलांना विचारले, तेव्हा कोणतीच शिक्षा झाली नाही असे म्हणणारी मुले निघाली अवघी नऊ. टक्के नव्हे, मुले नऊ. अपमानकारक बोलणेही त्यात धरले होते, तरी आकडा बोलका आहे. आयोगाने त्यानंतर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शिक्षेचे तीन प्रकार सांगितले: शरीराला इजा, मनाला इजा आणि तिसरा प्रकार भेदभाव.

हा तिसरा प्रकार महाडकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या प्रमुख संघटकांपैकी एक, हे मूळचे याच तालुक्यातले. दासगावात शिकून, 1914 च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून ते महाडच्या इंग्रजी शाळेत आले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. वर्तमानपत्रात तक्रार छापून आल्यावर दार उघडले, तेही अर्धवट. इतर मुलांपासून वेगळे बसूनच त्यांना शिकावे लागले. त्या मुलाला कोणी छडी मारली नसेलही. पण वेगळी ठेवलेली ती जागा ही शिक्षाच होती, आणि अपराध काय तर जन्म. आजही रायगडच्या शाळांत मार कोणाला अधिक बसतो हे पाहायचे असेल तर कातकरी वाडीवरच्या मुलांकडे पाहावे. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेले पोर पावसाळ्याच्या तोंडाला परत येते. मधले सगळे बुडालेले असते. त्याला फळ्यासमोर उभे करून, उत्तर आले नाही म्हणून ‘तुमच्याच्यानं काय होणार’ म्हटले की पुढच्या आठवड्यात ते नदीवर मासे पकडताना दिसते. हजेरीपटावर त्याचे कारण ‘स्थलांतर’ असे पडते.

‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ या युक्तिवादाचे दुखणे इथेच आहे. दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे हल्ली गावोगावी होतात, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ देतात आणि कोणाच्या पाठीवर किती फोका मोडल्या याच्या गमती सांगतात. त्या गमती खऱ्या असतात, प्रेमही खरे असते. पण मेळाव्याला येतो तो दहावीपर्यंत टिकलेला. सहावीत निगडीच्या फोकेला भिऊन शाळा सोडली आणि मुंबईच्या हॉटेलात कपबशा विसळायला गेला, तो त्या व्हॉट्सअॅप गटात नसतो. टिकलेल्यांची साक्ष घेऊन माराचा हिशेब पूर्ण होत नाही.

रायगड जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन थोर माणसांच्या आठवणी या वादात दोन्ही बाजूंनी वापरल्या जातात. एक विनोबा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. वडील त्यांना वरचेवर मारत. एके दिवशी मार चुकला, दुसऱ्याही दिवशी चुकला, आणि मग विनोबांच्या ध्यानात आले की आपल्याला सोळावे लागले आहे. वडील ते सुभाषित अक्षरशः पाळत होते. ही हकिगत विनोबा गमतीने सांगत, पण शिक्षणाचा विचार मांडताना त्यांनी माराची बाजू घेतली नाही. मारून शिकवलेले मूल पुढे दुसऱ्या कोणत्याही जुलमी माणसापुढे नमते, कारण देहाला जपायचे तर ऐकायचे हेच त्याला शिकवलेले असते, असे त्यांचे म्हणणे. मला तरी या विषयावर मराठीत याहून पक्का मुद्दा दिसलेला नाही. मार यशस्वी झाला तरच तो खरा धोकादायक, असा त्याचा रोख आहे.

दुसरे साने गुरुजी. ते पालगडचे, म्हणजे दापोलीकडचे. पण त्यांचे राष्ट्रीय स्मारक माणगाव तालुक्यातल्या वडघरला आहे, महाडपासून फार लांब नाही. ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते, हा प्रसंग छडीवाल्यांचा आवडता. पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये चित्रपट काढला. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारे जे गाणे महाराष्ट्राच्या तोंडी बसले आहे, तेही त्यातलेच. विनोद असा की अत्रे स्वतः लंडनला जाऊन अध्यापनशास्त्र शिकून आलेले, आणि ‘नवयुग वाचनमाला’ काढून पाठ्यपुस्तके गोड करायला झटलेले शिक्षक. आणि साने गुरुजींनी स्वतः शिक्षक झाल्यावर काय केले? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असल्या तर ते स्वतः झाडत, कपडे घड्या करून ठेवत, कंदिलांच्या काचा पुसत. मुले ओशाळून स्वतःच करू लागत. आईच्या शिंपटीवर त्यांनी प्रेमाने लिहिले. हातात मात्र ती घेतली नाही. त्यांचे पुस्तक उद्धृत करणाऱ्यांनी त्यांचे वसतिगृहही वाचावे.

संशोधनाबद्दल थोडक्यात. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये सुमारे एक लाख साठ हजार मुलांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले: जितका मार अधिक तितकी आक्रमकता, चिंता आणि खोडकरपणा अधिक. आधीच दांडगी असलेली मुले जास्त मार खातात, मग कारण कोणते नि परिणाम कोणता, असा आक्षेप रॉबर्ट लार्झेलेर यांच्यासारखे संशोधक घेतात. आक्षेप रास्त आहे. पण माराने मूल अधिक शिकते, शहाणे होते असे दाखवणारा भक्कम पुरावा आक्षेप घेणाऱ्यांच्याही हाती नाही. औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही आणि अपाय होत असल्याचा संशय दाट आहे, अशा वेळी डॉक्टर ते औषध लिहून देत नाही.

आता शिक्षकाची बाजू. ती ऐकली नाही तर हा लेख अर्धाच राहील. वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक, पहिली ते पाचवीचे वर्ग, त्यांतला एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेलेला. उरलेल्याने एकाच खोलीत पाच इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायला डोंगराच्या टोकावर रेंज शोधायची. पटसंख्या कमी म्हणून शाळाच बंद होईल ही टांगती तलवार वेगळी. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. अशा शिक्षकाच्या हातून चापट बसते ती बहुतेकदा शिस्तीच्या तत्त्वज्ञानातून नसते, थकव्यातून असते. त्याला पाठवलेल्या परिपत्रकात ‘मारू नये’ असते. मग काय करावे ते नसते. ‘मारायचं नाही, नापास करायचं नाही, मग पोरं ऐकणार कशी?’ हा प्रश्न मी उद्धटपणाचा मानत नाही.

त्याचे एक उत्तर आंबेनळी घाटापलीकडच्या जिल्ह्यातच आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले: मुले फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती, गटागटांत, आपापल्या गतीने शिकू लागली. 2015 नंतर राज्यभरातून शिक्षकांच्या बसगाड्या ते पाहायला गेल्या. पुढे पुष्कळ ठिकाणी फरशीवरचा रंग तेवढा आला आणि पद्धत आली नाही, हेही खरे. पण बहुवर्ग शाळेत मूल स्वतः कामात गुंतलेले असेल तर त्याला गप्प बसवण्याची गरजच कमी पडते, हे तिथे दिसले. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडला आदिवासी मुलांची शाळा चालवली. मूल शाळेत येत नाही तर अंगणवाडी त्याच्या अंगणात न्यायची, गुरे राखायला गेले तर शाळा कुरणात न्यायची. ज्या मुलांना दंडुक्याने हाकत आणायचे असे इतरांना वाटत होते, त्यांच्यासाठी शाळेनेच पाय हलवले. साधने मोजकी होती, म्हणून ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ हे कारण त्यांच्यापुढे टिकत नाही.

जगाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे ती स्वीडनची. 1979 मध्ये घरातला मारही बेकायदा ठरवणारा तो पहिला देश. त्यांनी कायदा करून आई-बापांना तुरुंगात घातले नाही. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर घराघरांत त्याची चर्चा झाली. आपल्या शेजारी नेपाळने 2018 मध्ये असा कायदा केला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा येऊन दीड दशक उलटले, तरी कलम 17 काय म्हणते हे कोकणातल्या किती आज्यांना कोणी सांगितले? शाळेत तक्रारपेटी लावायचा आदेश निघाला, पेट्या लागल्याही. नऊ मुलांच्या शाळेत चिठ्ठीवरचे अक्षर कोणाचे हे गुरुजींना ओळखू येणार नाही, असे त्या आदेशाच्या लेखकाला वाटले असावे.

आणखी एक सांगितले पाहिजे. 22 जुलै 2021 च्या दरडींनी महाड तालुक्यातले तळिये आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, साखर सुतारवाडी या वस्त्यांवर जे ओढवले, ते लहान वयात पाहिलेली मुले आज आसपासच्या शाळांत आहेत. पाऊस वाढला की वहीत डोके न घालता खिडकीबाहेर डोंगराकडे बघणारे मूल वर्गात असू शकते. ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून त्याच्या बोटांवर पट्टी मारायची की जवळ जाऊन बसायचे, हे शिक्षकाला त्याचे घर ठाऊक आहे की नाही यावर ठरते. डोंगरातल्या लहान शाळेचा हा एक फायदाच आहे: तिथे शिक्षकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असू शकते.

माझा निष्कर्ष असा की कायद्याची पोकळी दोन ठिकाणी भरायला हवी. कलम 17 चे संरक्षण अंगणवाडीपासून बारावीपर्यंत आणि सर्व प्रकारच्या शाळांना लागू झाले पाहिजे, आणि न्याय संहितेच्या 27 व्या कलमाचा आडोसा मारझोडीला मिळणार नाही असे स्पष्टीकरण त्यात घातले पाहिजे. हे संसदेचे काम आहे, त्याला वेळ लागेल. गावचे काम त्याआधी होऊ शकते. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. महाड-पोलादपूरच्या पालकांनी येत्या बैठकीत एवढेच करावे: ‘आमच्या मुलांना मारू नये, आणि मारण्याची आमची संमती आहे असे कोणी समजू नये’ हा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि त्याच बैठकीत शिक्षकाला विचारावे की अवघड मुलासाठी त्याला आमच्याकडून कोणती मदत हवी. त्यानंतरही मार बसलाच तर तक्रार लेखी, स्थानिक प्राधिकरण म्हणून जिल्हा परिषदेकडे द्यावी. कायद्याने तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. मुलाला स्वतःला बोलायचे असेल तर 1098 हा क्रमांक मोफत आहे. तो वर्गाच्या दारावर, मुलांच्या नजरेच्या उंचीला लिहून ठेवायला सांगावे.